वरणावरची साय

फोनवर बोलता बोलता आज वाटीतलं वरण निवलं आणि त्यावर पातळ साय धरली. ती बघून आईची प्रार्थना आठवली.

आमच्या ख्रिस्ती घरात रोज जेवणाआधी प्रार्थना व्हायची. पानं वाढून झाली की आई डोक्यावर पदर घेई, डोळे मिटी आणि घरातल्या एकेकाला नाव घेऊन प्रभूच्या हवाली करी. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, मावशीच्या सुना-नातवंडांसकट. घाई तिला ठाऊकच नव्हती. शेंडेफळ म्हणून माझं नाव शेवटी, आणि तिथवर येईतो वरणावर साय धरलेली असे.

नोकरी लागल्यावर सुट्टीला गेलो होतो. प्रार्थना चालू असताना मी मधेच म्हणालो, "आई, आवर ना. देवाला माहीत आहेत सगळ्यांची नावं."

तिने डोळे उघडले. माझे उघडेच होते आणि हातात फोन होता.

"बरं," ती म्हणाली आणि तिथेच आमेन केलं. माझ्या नावापर्यंत ती पोचलीच नव्हती. वरण मात्र छान गरम होतं. मी दोनदा मागून घेतलं.

त्यानंतर माझ्यादेखत तिने कधीच लांब प्रार्थना केली नाही. आता ती नाही. वहिनी सांगते, मी घरात नसलो की ती पुन्हा सावकाश सगळी नावं घ्यायची. सगळी म्हणजे माझंही का, हे वहिनीला विचारायची माझी हिंमत होत नाही. मी बोटाने साय बाजूला सारतो आणि गार वरण भातावर ओततो.