फुईचा दगड

आमच्या फुईइतकं मनापासून रागावणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती कळसाडीला माहेरी आली, ती अंगावरचं लुगडं आणि बोटभर लांबीचा एक करडा दगड घेऊन. दगड कमरेच्या चंचीत असे आणि राग नाकावर. तिला सगळ्यात जास्त चीड बोथट हत्याराची. कुणाकडे जेवायला गेली की आधी विळी बघायची. विळीवर कांदा चिरण्याऐवजी चेंगरतोय असं दिसलं की पानावरून उठून तिथेच धार लावायला बसायची आणि लावता लावता यजमानणीच्या माहेरचा उद्धार करायची. एका लग्नात तर तिने आचाऱ्याच्या साऱ्या सुऱ्या ताब्यात घेतल्या. वऱ्हाड पंगतीत बसलेलं आणि वांगी अजून अख्खीच!

ज्वारी काढणीला आली की गावातले विळे आमच्या ओट्यावर येत. विळा वाकडा, त्यामुळे तो मोठ्या दगडावर घासून भागत नाही. फुई विळा डाव्या हातात घट्ट धरायची आणि तो लहानगा दगड पाण्यात बुडवून मुठीपासून टोकापर्यंत फिरवायची. धार आली की नाही ते बोटाने बघायची नाही, कानाने ऐकायची. विळा घेऊन येणाऱ्याला मात्र आधी शिव्या ऐकाव्या लागत. "हाऊ इळा शे का पळी? कणसं कापस का वरण वाढस तू?" शेजारचे गुजर आजोबा तेवढे तिला डिवचत. "फुई, तुन्ही जीभले कोन धार लावस?" "तुम्हनासारखा बोथट माणसेस्नी लाई दिन्ही!"

मी सुरतेला कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि खरं सांगायचं तर गावातूनही पहिलाच. दिवाळीच्या सुटीत आलो तेव्हा ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात वाचून आलो होतो की धारेच्या दगडाला तेल लावावं. पुस्तकातला दगड वेगळ्या जातीचा असेल, हे मला सुचलं नाही. छापलेलं चुकीचं कसं असेल, असं मला तेव्हा वाटे. दुपारी फुई झोपली, चंची खुंटीला होती. मी दगड काढला, कोमट तिळाच्या तेलात चांगला मुरवला, पुसून परत ठेवला आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

फुई उठली. ओट्यावर वीसेक विळे पडले होते, दुसऱ्या दिवशी काढणी सुरू व्हायची होती. घरात आम्ही दोघंच. तिने दगड भिजवला, तर पाणी त्याच्यावर ठरेना. विळ्याला लावला तर नुसता घसरू लागला. तिने तो हुंगला.

"मन्हा दगडले तेल कोनी लाई दिन्हं?"

मी पुस्तकाविषयी सांगू लागलो.

"ते लिखनारनी कधी ज्वारी कापेल शे का? नींघ आठून! तोंड दखाडू नको माले!"

एरवी तिचा आवाज पार नदीपर्यंत जायचा. त्या दिवशी ती दात आवळून, अगदी हळू बोलली. मला त्याचीच जास्त भीती वाटली. आणि मग मलाही राग आला. सारा गाव माझं कौतुक करतो आणि ही एका दगडापायी मला घराबाहेर काढते! दुसऱ्या दिवशी मी तिच्या पाया न पडता गाडीत बसलो. पुढे घरी जी पत्रं लिहिली त्यांत तिची साधी चौकशीही केली नाही. आता हे लिहिताना लाज वाटते.

उन्हाळ्यात घरी आलो तेव्हा गुजर आजोबांनी गाठलं. फुईने म्हणे राखेच्या पाण्यात दगड उकळउकळ उकळला, तो अर्धामुर्धा सुधारला. एकेका विळ्याला दुप्पट वेळ लागला, काढणी खोळंबली, लोक चिडले. "अन् तेल कोनी लायेल व्हतं, माहित शे का? तिन्हीच! म्हने, मी चुकनू, आते वय व्हयनं. गावभर हसनूत आम्ही!"

मी तसाच आत गेलो. फुई शेंगा निवडत होती.

"फुई, तू असं काबर सांगं?"

तिने मान वर केली नाही. "मन्हं हसं व्हयनं ते व्हयनं. गावमातून कालेजमा जायेल एकच पोऱ्या शे. त्याले हसतीन, ते दुसरा कोन जाई?" आणि मग जोरात ओरडली, "उभा काय ऱ्हायना? बठ आठे, शेंगा निवड!"

मी बसलो. खरं गावाला सांगतो, असं दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा तिने अशा नजरेने पाहिलं की मी खाली बघून शेंगा निवडू लागलो.

गेल्या पावसाळ्यात फुई गेली. यंदा माझ्यामागून कळसाडीची आणखी दोन मुलं सुरतेला आली आहेत. काढणीच्या दिवसांत गावात अजून ती गोष्ट निघते, एवढी धारेची माहीतगार फुई कशी चुकली ती. लोक प्रेमानेच हसतात, पण मला तिथे बसवत नाही. हे लिहिलेलं कुणी आमच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं तर बरं होईल. त्या दगडाला तेल मी लावलं होतं.