टक् न वाजता आलेला श्वास

डॉक्टरांनी चुंबकाचं नाव काढलं, तेव्हा हेही आता आम्हाला गंडवायला निघाले असंच मला वाटलं. नव्वदच्या दशकातल्या आमच्या डोंबिवलीत चुंबकाचे पट्टे आणि चुंबकाचं पाणी यांचा सुळसुळाट होता. आमचे एक शेजारी गुडघ्याला पट्टा बांधून आठवडाभर फिरले आणि लंगडतच तो परत करायला गेले. हिशेब लागल्याशिवाय काही मानायचं नाही, हा माझा स्वभाव. देव्हाऱ्यातल्या एकवीरेपुढे हात जोडायचो, तेही डोळे उघडे ठेवून.

माझी पत्नी ठाण्याच्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होती. पायांपासून चढत आलेल्या लुळेपणानं तिचा श्वास थांबला होता. शुद्ध पूर्ण होती, पण डोळ्यांखेरीज काही हलत नव्हतं. यंत्रावर जितकं लांबेल तितका छातीतल्या जंतुसंसर्गाचा धोका, आणि यंत्र काढावं तर ती श्वास घेईल याची खात्री नाही. डॉक्टरांनी एक उपकरण मागवलं होतं. मानेमागे तारेचं वेटोळं धरायचं. त्याच्या चुंबकीय झटक्यानं नस चेतवली जाते आणि छातीखालचा पडदा स्वतः हवा ओढतो. व्हेंटिलेटर हवा ढकलतो, इथे शरीर ओढतं. पुढेमागे व्हेंटिलेटरला हा पर्याय होईल, पण अजून सगळं प्रयोगातच आहे, हे त्यांनी लपवलं नाही. मला 'प्रयोग' एवढंच ऐकू आलं. किती जणांवर केलं, किती बरे झाले, असं मी पुन्हापुन्हा विचारत राहिलो.

"फार थोड्यांवर. आकडा सांगून तुम्हाला धीर देता येणार नाही," ते म्हणाले.

एक अट होती. गळ्याजवळ धातू नको. सोनं कुठे चुंबकाला चिकटतं, अशी शंका मी काढलीच. चिकटत नाही, पण झटक्यानं त्यातही वीज फिरते, ते तापू शकतं, असं त्यांनी समजावलं. माझ्या आईनं मात्र मंगळसूत्राला हात लावू दिला नाही. सवाष्णीचा गळा मोकळा करायचा नाही, हेच तिचं म्हणणं. तिचा हट्ट मला सोयीचाच वाटला. संमतीपत्रावरची सही लांबत होती.

बाहेरच्या बाकावर डोंबिवलीजवळच्या कोपरला मासे विकणारी एक कोळीण बसलेली असे. तिचा नवरा आत, पलीकडच्या खाटेवर. ती आमचं बोलणं कान देऊन ऐकते म्हणून मला तिचाही संशय. मी पिशवी मांडीवर घेऊन बसायचो. त्या दिवशी तिनं कनवटीचं हळकुंड काढलं, एकवीरेच्या ओटीतलं, आणि पिवळ्या दोऱ्यात बांधून आईच्या हातावर ठेवलं. मंगळसूत्र उतरवावं लागलं तर हळकुंड बांधतात, हे आईला ठाऊक होतं. घाबरेपणात आठवलं नव्हतं. आई निवळली. मग ती बाई माझ्याकडे वळली.

"दादूस, सगल्यांना इचारतंस. तिला इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. आत जाऊन पत्नीला सगळं सांगितलं, धोक्यासकट. हो असेल तर डोळे मिट, म्हटलं. तिनं मिटले, आणि मिटलेलेच ठेवले.

मी सही केली. आईनं मंगळसूत्र उतरवून हळकुंड बांधलं. डॉक्टरांनी व्हेंटिलेटरची नळी थोडा वेळ सोडवली. टक् असा आवाज झाला आणि तिचं पोट उचललं. पुन्हा टक्, पुन्हा उचललं. मी नळीकडेच बघत होतो; ती खरोखर सुटी होती. मग डॉक्टरांनी वेटोळं बाजूला घेतलं. आवाज नव्हता, तरी पोट किंचित उचललं.

"हा श्वास कशाचा?" मी विचारलं.

"त्यांचा," डॉक्टर म्हणाले.

व्हेंटिलेटर लगेच सुटला नाही, हळूहळू सुटला. नस आपणहून सुधारत होती की झटक्यांनी तिला जोर आला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पुढे कोपरच्या बाजारात ती कोळीण भेटली. नवरा घरी आला होता. मी आभार मानू लागलो, तर म्हणाली, "ते एकवीरा आईला सांग. माझ्याकडना म्हावरं घे."

श्रेय कुणाचं किती, याची वाटणी मी पुष्कळ दिवस करून पाहिली. आता सोडून दिली आहे. हळकुंड देव्हाऱ्यात आहे. रोज सकाळी दिवा लावून पत्नी डोळे मिटते. शेजारी उभा राहून मीही मिटतो.