खाली घेतलेली ओळ

इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या आमच्या अश्कलोनच्या बाजारात दुपारी समुद्राचा वारा शिरला की सगळं पेंगुळतं. बर्फावरचे मासे, पेटीखालची मांजर, गिऱ्हाइकंसुद्धा. जागा राहायचा तो फक्त कॅसेटवाल्याचा भोंगा, आणि त्यातून कितीतरी वर्षं आमच्या त्सिऑनचं गाणं वाजायचं. बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका मुलीचं. ती मुलगी खरी होती की नाही, ते त्यानं मलाही सांगितलं नाही, आणि मी तर त्याच्या लग्नाआधीपासून त्याच्या मागे बसून दरबुका, म्हणजे हातानं वाजवायचा ढोल, वाजवणारा.

त्सिऑन मझूझ. शब्द हिब्रू, चाली स्वतःच्या, गळा मात्र ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावरून आलेल्या बापाचा. रेडिओवर ते एक गाणं गाजलं. बाकी आयुष्य लग्नांत आणि एलातच्या हॉटेलांत गेलं. गाताना डोळे मिटायचा आणि ताल सोडून कुठेतरी तरंगत निघून जायचा. मी आपला दरबुका बडवत मागे मागे. शिव्या द्याव्यात असं वाटायचं, आणि तो थांबूच नये असंही वाटायचं.

टाळ्यांचा तो भुकेला होताच, खोटं कशाला बोलू? पण त्याला खरं हवं होतं ते बापाच्या तोंडून एक वाक्य. बाप खामूस कॅसेटवाल्याच्या शेजारीच मासे विकायचा. त्सिऑन शुक्रवारी रात्री, शब्बाथ लागून कामधंदा, वाजवणं सगळं वर्ज्य झाल्यावरही हॉटेलात गायला लागला, तेव्हापासून खामूसनं त्याच्या गाण्याचं नाव काढलं नाही. घरी गेलं की कुसकुस आणि मासा वाढायचा, "काटे बघून खा" म्हणायचा, संपलं.

एकदा त्सिऑननं धीर करून विचारलं, "बाबा, दिवसभर कानाशी माझं गाणं वाजतंय. कसं वाटतं?"

"माशांची काही तक्रार नाही," खामूस म्हणाला.

मी पोट धरून हसलो. त्सिऑन मात्र तडक घराकडे चालू लागला.

मग खामूस गेला. सुतकातल्या शब्बाथला बापासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला त्सिऑन सभास्थानात आला. किती वर्षांनी पायरी चढत होता, देव जाणे. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. खिडकीतून ऊन येत होतं, म्हातारे डुलत होते, आणि तिथे प्रार्थना सांगणाऱ्या मर्दोखाईकाकांनी सुरुवात उचलली. शब्द आपल्या पूर्वजांचे, पण चाल बसथांब्यावरच्या मुलीची!

त्सिऑननं डोळे मिटले. ओठ आपोआप हलू लागले. तिसऱ्या ओळीला तो कॅसेटमधल्यासारखा उंच चढला, आणि अख्खं सभास्थान खालच्या सुरात उतरलं. तो एकटाच वर राहिला.

"चुकलास," प्रार्थना संपल्यावर मर्दोखाईकाका त्याच्यावर डाफरले.

"काका, चाल माझी आहे."

"माहीत आहे. तुझ्या बापानंच आणली. म्हणाला, माझ्या पोराची चाल आहे, गायची तर गा, नाहीतर मी चाललो दुसऱ्या सभास्थानात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कुठे येऊन सांगायचं? हॉटेलात? शब्बाथला तू तिथे, आम्ही इथे."

त्सिऑननं विचारलं, "आणि ती तिसरी ओळ?"

"तिथे आलं की त्याचा गळा भरून यायचा. दर शब्बाथला. वरचा सूर लागायचाच नाही. शेवटी त्यानं ती ओळ खाली घेतली. मग आम्हीही घेतली, एकट्याला कसं सोडायचं?"

त्सिऑन तिथल्या बाकावर लहान मुलासारखा रडला. मीही रडलो, मला काय, मी लग्नातसुद्धा रडतो.

अजून आम्ही लग्नांत वाजवतो. ते गाणं लागलं की तिसऱ्या ओळीला त्सिऑन खाली उतरतो. आमच्या ऑर्गनवाल्याला वाटतं, म्हातारा झाला.

"वर घे ना रे!" तो मागून ओरडतो.

"जमत नाही मला तिथे," त्सिऑन म्हणतो, आणि डोळे मिटून घेतो.