‘बहुतेक’ म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाई

मुलांच्या डॉक्टरचा शब्द आईबापांना वेदवाक्यासारखा असतो. बोर्ली पंचतनातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंचा तो शब्द ‘बहुतेक’ असा होता. चष्मा कपाळावर सरकवायच्या, पोराकडे बघायच्या, मग आईकडे, आणि म्हणायच्या, “बरा होईल. बहुतेक.”

त्यांच्या दवाखान्याखालीच माझं मेडिकल. त्यामुळे जिना उतरून येणाऱ्यांचा राग पहिल्यांदा मला मिळायचा. खात्री हवी असलेले लोक बाजारातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जात. ते ‘शंभर टक्के’ म्हणत. त्यांच्याकडची पोरंही साधारण तितक्याच दिवसांत बरी होत.

बाईंनी फ्लूची नाकात फवारायची लस मागवली, ती माझ्या फ्रीजमध्ये राहायची. सुई नाही म्हटल्यावर पोरं खूश झाली आणि आयांना संशय आला. दुखत नाही ते लागू कसं पडणार?

शमीम तिच्या चार वर्षांच्या अयानला घेऊन आली, तेव्हा लस घेऊन मीच वर गेलो होतो. आदल्या पावसाळ्यात फ्लू अयानच्या छातीत उतरला होता. अलिबागच्या इस्पितळात पोर ऑक्सिजनवर होतं आणि बाप कुवेतला. तेव्हापासून अयान नुसता शिंकला तरी शमीम धसकायची.

“परत व्हयल का न्हाय, तेवढा सांगा,” ती म्हणाली.

तिच्या मोबाइलमधून नवऱ्याने विचारलं, “डॉक्टरबाई, गॅरंटी हाय का?”

“गॅरंटी फ्रीजला असते,” बाई म्हणाल्या. “फ्लू दरवर्षी रूप बदलतो. लस अंदाजाने बनवतात. अंदाज बसला तर बऱ्याच पोरांना होतच नाही, चुकला तर कमी पोरं फ्लूपासून वाचतात. पण झालाच, तर इस्पितळाची पाळी टळते.”

“नक्की?”

“बहुतेक.”

श्वासाला घरघर लागते का, दमा आहे का, हे बाईंनी खोदखोदून विचारलं. तसं असतं तर नाकातून दिलीच नसती, सुईची दिली असती. मग दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला. अयान दणकून शिंकला.

“गेला! समदा बाहेर गेला!” शमीम ओरडली.

“शिंकू दे. लागतं तेवढं आत राहिलं.”

“बहुतेक?” कुवेतहून प्रश्न आला.

“हे मात्र नक्की,” बाई म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढाच एकदा ऐकला.

लस दिली त्याच वर्षी पावसाळ्यात अयानला फ्लू झाला. शमीम त्याला खांद्यावर टाकून आली. “कुठं हाय तुमचा बहुतेक?” बाईंनी स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ छाती ऐकत राहिल्या. छाती साफ होती. तरी ताप उतरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ त्या स्वतः शमीमच्या घरी जात होत्या. परत येताना माझ्या दुकानासमोरून जायच्या, पण थांबायच्या नाहीत. मग एक दिवस थांबल्या. “कोंबड्यांमागे पळतोय,” म्हणाल्या, आणि बाकावर बसून राहिल्या.

शमीम मात्र माझ्या दुकानात दोन शेजारणींना सांगत होती, “व्हय, झाला फ्लू. पन ह्या टायमाला अलिबाग न्हाय बघावा लागला.” लसीची एवढी जाहिरात मला जन्मात जमली नसती. नेमक्या तेव्हाच बाई जिना उतरल्या.

“तसं सांगू नकोस गं. एका पोरावरून म्हणता येत नाही. लस नसती तरी कदाचित सोपा गेला असता.”

“बाई, निदान हे तरी खपू द्या,” मी म्हणालो.

“मंग फुडल्या वर्षी द्यायची का न्हाय?” शमीमने विचारलं.

“द्यायची. मी माझ्या नातवाला देते.”

“त्याला झाला न्हाय?”

“झाला एकदा.”

शमीम हसायलाच लागली. पुढच्या वर्षी ती आली, आणि त्या दोघी शेजारणीही आपापली पोरं घेऊन आल्या.

यंदा बाईंनी दवाखाना बंद केला. शाळेच्या पटांगणात निरोपाचा कार्यक्रम झाला. फ्लूला तालुक्याच्या वेशीवर रोखून धरणारी रणरागिणी, असं एक वक्ते म्हणाले. टाळ्या झाल्या. हार मात्र रिकाम्या खुर्चीला घालावा लागला, आणि रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे ते बघून, बाई गेल्या असं समजून हळहळले.

बाई घरी फ्लूने पडून होत्या. लस त्यांनी वेळेवर घेतली होती.