उजवा खांदा

मंगळवारी बाबा गेले. महिन्याभराने त्यांची गाडी घेऊन मी एकोडीहून साकोलीला निघाले. स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली की गाडी डावीकडे, धानाच्या बांधीकडे जाऊ लागे.

साकोलीतल्या अलाइनमेंटवाल्याने यंत्र लावण्याआधीच डोळे मिटून पुढच्या टायरवर तळहात फिरवला. एकटी बाई पाहून नवे टायर खपवायचं हे नाटक असणार, असं मला वाटलं. मी त्याच्या बोटांवर नजर ठेवून उभी राहिले.

"चाकाचा अँगल बिघडला, ताई. आजचा नाही, बहुत दिवसाचा आहे."

"कशावरून?"

"माह्यावर भरोसा नाही ना? मग तुम्हीच हात फिरवून पाहा."

टायरची आतली कड गुळगुळीत झाली होती, बाहेरची नव्यासारखी होती. तरी माझा संशय जाईना.

"गाडी कोण चालवत होते?" त्याने विचारलं.

"माझे वडील."

"त्यायचा उजवा खांदा दुखत असन. गाडी सरळ ठेवाले सारखं उजवीकडे ओढून धरा लागे."

वर्षभर बाबा खांदा चोळत होते आणि मी म्हणत होते, वय झालं. हे त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

गाडी आता सरळ चालते. बाबांच्या मलमाची अर्धी ट्यूब अजून तिच्या कप्प्यात आहे.