सकवारअक्कांच्या चपला

सकवारअक्कांविषयी विद्याधरला ठाऊक होतं ते मूठभरच. त्या कानडी मुलखातल्या मल्लेश्वरममध्ये, मागच्या गल्लीत राहत, घरी अंथरुणाला खिळलेले यजमान होते, आणि मराठी शाळेत त्या पहिलीला शिकवत. त्यांच्या घराचा उंबरा त्याने कधी ओलांडला नाही. त्या एकट्या असताना कशा हसत, किंवा हसत तरी का, हेही त्याला कधी कळलं नाही.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली तो निपाणीहून आला आणि उमेदवार मास्तर म्हणून अक्कांच्या हाताखाली लागला. हेडमास्तर हणमंतराव त्याला म्हणाले होते, "वर्षअखेरीस मी फक्त अक्कांना विचारणार. त्या हो म्हणाल्या तर कायम, नाही म्हणाल्या तर गाडी पकडायची."

अक्कांचा वर्ग देवळाच्या गाभाऱ्यासारखा शांत असे. त्या छडी घेत नसत, ओरडत नसत. विद्याधर मात्र पोरांना गाणी म्हणायला लावी, टाळ्या पिटायला लावी.

"मास्तर, तुमचा तास म्हणजे सिटी मार्केट," अक्का म्हणत. "भाजी काय भावानं लावलीय आज?"

दुपारी त्या यजमानांना भरवायला घरी जात. जाताना अनवाणी जात. चपला वर्गाच्या दाराशी जोडून ठेवलेल्या असत, म्हणजे बाई आतच आहेत असं पोरांना वाटावं. विद्याधर शिकवत असायचा, पण पोरांची नजर त्याच्यावर नसे. ती दाराकडे लागलेली असे.

एका दुपारी त्याला ते सहन होईना. त्याने चपला उचलल्या. सकाळपासून सावलीत पडलेल्या, तरी हाताला उबदार लागल्या. त्या त्याने वर्गातल्या कपाटात ठेवून दिल्या आणि हसून म्हणाला, "चला, आता गाणं!"

कुणी तोंड उघडलं नाही. पोरांच्या नजरा दारावरून हळूहळू सरकत आत आल्या आणि अक्कांच्या रिकाम्या खुर्चीवर थांबल्या.

"काय झालं गं, प्रेमा?" त्याने पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

"इतके दिवस अक्का दाराशी असायच्या, सर," प्रेमा कुजबुजली. "तुम्ही त्यांना आत आणलंत."

 खुर्चीकडे पाठ करायचा विद्याधरला धीर होईना. तेवढ्यात दारात खऱ्या अक्का उभ्या राहिल्या, पाय धुळीने माखलेले.

"माझ्या चपला कुठायत, मास्तर?"

आता नोकरी गेली, हे त्याला दिसत होतं. तरी तो बोलला. "कपाटात आहेत, अक्का. पोरं भितात तुम्हांला."

"भितात? मानतात म्हणा."

"तुम्हांला मानत असतील. पण तुम्ही नसता तेव्हा इथं कोण असतं, ते तुम्ही कधी पाहिलंय का?"

 अक्कांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. "प्रेमा, मी कुठं आहे गं?"

प्रेमाने दारातल्या बाईंकडे एकदा पाहिलं, मग मान वळवली आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. मागची पोरंही तिकडेच बघत होती.

अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या आत आल्या, पण खुर्चीच्या बाजूने न जाता भिंतीला लागून कपाटाशी गेल्या. चपला काढून त्यांनी पायात घातल्या, वर्गातच, आणि चपला वाजवत बाहेर पडल्या. पोरांनी त्यांच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

त्यानंतर दुपारी त्या चपला घालूनच घरी जात. त्यांच्या खुर्चीत त्या पुन्हा बसल्या नाहीत. शिकवायच्या त्या उभ्यानेच. वर्ग हळूहळू बोलायला लागला. पहिल्यांदा कुणी खिदळलं तेव्हा अक्का दचकल्या, मग मान खाली घालून पाटीवर काहीतरी गिरवत राहिल्या. पुढे त्यांनी हणमंतरावांना सांगितलं, "पोरगा गोंधळ घालतो. ठेवून घ्या." तो कायम झाला.

त्याच आठवड्यात एका रात्री अक्का झोपेतच गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी त्या थांबल्या होत्या. पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या,

"उद्या वर्ग तुम्हीच सुरू करा, मास्तर. मला स्वल्प उशीर होईल."

"सरी, बरं अक्का. सावकाश या."