रेणापूरचा गठ्ठा

नातीच्या व्हिसासाठी जुने कागद काढताना ते बांधलेल्या लाल फडक्याचा कुबट वास आला आणि स्वतःचीच चीड आली. तेव्हा दुष्काळाचं साल होतं, जिल्हा नवाच फुटलेला, मी कचेरीत कारकून. रेणापूरची एक बाई लेकीचा जन्मदाखला मागत होती. नवरा कॅनडात होता आणि दाखल्यावाचून लेकीचा तिथं कायम राहण्याचा अर्ज बाद होणार होता. "रेकॉर्ड जुन्या जिल्ह्यातून आलं नाही," मी तिसऱ्यांदा खेकसलो. "साहेब, आम्ही जागचं हाललो न्हाई, जिल्हा तुम्ही हलवला!" ती कडाडली. माठ कोरडा होता, तिला पाणीही मिळालं नाही. शेवटी ती एकटीच कॅनडाला गेली, लेक मामाकडं राहिली. आज लिहून टाकतो: लाल फडक्यात बांधलेला रेणापूरचा गठ्ठा कधीच आला होता. गाठ सोडायचा कंटाळा म्हणून मी तो बुटक्या खुर्चीत टाकून त्यावर बसत होतो.